खानदेशातून गणिताच्या संशोधनाकडे: बारावीपासून पीएचडीपर्यंतची वाट

मे महिना उजाडला की मला खानदेशातून फोन यायला लागतात. कुणी चोपड्याचा, कुणी साक्रीची, कुणी शहाद्याचा. बीएस्सीचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलेलं असतं, गणितात ऐंशी-पंच्याऐंशी टक्के असतात आणि प्रश्न एकच असतो: "सर, गणितातच पुढे जायचंय, आता कुठे फॉर्म भरू?" उत्तर देताना माझा जीव तुटतो, कारण चांगल्या बऱ्याच ठिकाणांचे फॉर्म आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच भरून झालेले असतात. पोरगं हुशार असतं, कष्टाळूही असतं, पण माहिती त्याच्यापर्यंत वर्षभर उशिरा पोचलेली असते.

माझंही तेच झालं. मी शेवटच्या वर्षाला असताना एका प्रवेश परीक्षेचं पत्रक आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागलं, तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते. ते पत्रक कुणाच्या तरी टेबलाच्या खणात पडून होतं. माझं एक वर्ष गेलं. ते वर्ष मी गावात दहावीच्या शिकवण्या घेऊन काढलं.

आपल्याकडच्या मुलांना बुद्धी कमी नाही, हे मी वीस वर्षं बघतो आहे. कमी पडतात त्या दोन गोष्टी: वेळेवर माहिती, आणि गणितावरून आपल्याशी वाद घालणारी माणसं. माहिती या लेखात देतो. माणसं तुम्हालाच जमवायची आहेत, पण ती कशी जमवायची तेही सांगतो.

आधी एक परीक्षा स्वतःची

फॉर्म-बिर्म नंतर. आधी हे बघा की गणितातलं संशोधन म्हणजे जे काम आहे, ते तुम्हाला आवडतं का. भराभर गणितं सोडवणं वेगळं आणि हे काम वेगळं.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतर मी एका उन्हाळी शिबिराला गेलो होतो. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "√२ अपरिमेय आहे, हे कोण सिद्ध करेल?" मी हात वर केला. पाठच होतं. फळ्यावर लिहिलं: समजा √२ = अ/ब, अ आणि ब यांच्यात सामाईक अवयव नाही. मग अ² = २ब². म्हणजे २ ने अ² ला भाग जातो, म्हणून २ ने अ ला भाग जातो. अ = २क ठेवलं, ब² = २क² आलं, म्हणजे ब लाही २ ने भाग जातो. विसंगती. सर म्हणाले, "छान. आता जिथे जिथे २ आहे तिथे ४ लिही." मी लिहीत गेलो. अ² = ४ब². ४ ने अ² ला भाग जातो, म्हणून ४ ने अ ला भाग जातो. अ = ४क, म्हणून ब² = ४क², म्हणून ४ ने ब लाही भाग जातो. विसंगती. म्हणजे √४ अपरिमेय! माझ्या हातात खडू, समोर साठ मुलं, आणि √४ तर २ आहे. चूक कुठे आहे ते मला सांगता येईना. बारावीपासून ती सिद्धता मी किमान दहा वेळा पेपरात लिहिली होती आणि तिचा एक सांधा कधी हाताने चाचपून बघितला नव्हता.

सांधा असा: २ ने अ² ला भाग गेला तर अ लाही जातो, कारण २ ही मूळ संख्या आहे. ४ ला हे लागू नाही. २² ला ४ ने भाग जातो, २ ला जात नाही. झालं, तिथेच मोडतं. पण सर इथे थांबले नाहीत. "मग √६ चं काय? ६ तर मूळ संख्या नाही." करून बघितलं तर ६ ला ती सिद्धता चालते. "आणि √१२?" √१२ अपरिमेय आहे हे खरं, पण जुनी सिद्धता तिथे मोडते: ६² म्हणजे ३६ ला १२ ने भाग जातो, ६ ला जात नाही. विधान खरं, सिद्धता खोटी. मग नवी वाट शोधा. (फक्त ३ कडे बघा. अ² मध्ये ३ हा अवयव किती वेळा येऊ शकतो आणि १२ब² मध्ये किती वेळा?) शेवटी प्रश्न उरतो तो असा: कोणकोणत्या संख्यांना जुनी सिद्धता जशीच्या तशी चालते?

संशोधन हे असंच चालतं. माहीत असलेली गोष्ट घ्यायची, एक अट हलवायची, कुठे मोडतं ते बघायचं, मग मोडण्याचं नेमकं कारण शोधायचं. वरचा प्रश्न वाचून वही ओढावीशी वाटली असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. नाही वाटली तर त्यात कमीपणा काही नाही. संख्याशास्त्र, डेटा, बँकिंग, शिक्षकी पेशा, गणिताला मागणी असलेली कामं भरपूर आहेत.

बारावीत असाल तर

काही संस्थांत बारावीनंतर थेट प्रवेश घेऊन गणित करता येतं. भारतीय सांख्यिकी संस्थेचा बंगळुरूचा बी.मॅथ., चेन्नई गणितीय संस्था म्हणजे सीएमआयचा बीएस्सी ऑनर्स, पुण्यासह देशात सात ठिकाणी असलेली आयसर, भुवनेश्वरचं नायझर, मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातलं सीईबीएस. आयसरला आयएटी ही परीक्षा, नायझर आणि सीईबीएसला नेस्ट. सांख्यिकी संस्था आणि सीएमआय स्वतःची परीक्षा घेतात, साधारण मे महिन्यात. या दोन्ही परीक्षांत सूत्रं पाठ असून भागत नाही, 'सिद्ध करा' असे प्रश्न येतात. त्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका संस्थांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. सीईटी-जेईईच्या धबडग्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यातले प्रश्न घेऊन बसा.

नाही जमलं तर खचून जाऊ नका. जळगावला, अमळनेरला, धुळ्याला, भुसावळला, नंदुरबारला बीएस्सी करून पुढे गेलेली मुलं मी बघितली आहेत. वाट थोडी लांबते, बंद होत नाही.

बीएस्सीची वर्षं: इथेच सगळं ठरतं

तीन विषय असे आहेत की ते कच्चे राहिले तर पुढे प्रत्येक पायरीवर ठेच लागते: रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा आणि ग्रुप थिअरी. पेपरात नव्वद पडले म्हणजे विषय आला असं समजू नका. आपल्याकडे पेपर ओळखीचा येतो, गाईडमधली थिअरमं फिरून फिरून येतात, प्रॅक्टिकलचं जर्नल तर वरच्या वर्गातल्या मुलाकडून उतरवलेलं असतं. विषय आला की नाही हे ओळखायची खूण वेगळी. पुस्तक मिटा, थिअरम सांगा, आणि प्रत्येक अट काढून टाकली तर काय बिघडतं याचं उदाहरण द्या. देता आलं तर आला.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचा धाक असतो. मला अनुभवाने वाटतं की खरी अडचण इंग्रजीची नसतेच, वाक्यातल्या क्रमाची असते. आपल्या गावातलंच बघा. "प्रत्येक शेताला एक विहीर आहे" आणि "एक विहीर अशी आहे की तिचं पाणी प्रत्येक शेताला पोचतं." शब्द जवळजवळ तेच, पण पहिल्या गावात विहिरी शंभर असतील, दुसऱ्यात एक पुरते. शेतकऱ्याच्या पोराला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. रिअल ॲनालिसिसमध्ये कंटिन्युइटी आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी यांत नेमका हाच फरक आहे: पहिल्यात प्रत्येक बिंदूला आपापला डेल्टा, दुसऱ्यात सगळ्यांना मिळून एकच डेल्टा. व्याख्या इंग्रजीत वाचा, पण समासात ती स्वतःच्या बोलीत लिहा, अहिराणीत लिहिली तरी चालेल. समजल्यावर पुन्हा इंग्रजीत लिहा. सहा महिन्यांत इंग्रजी आपोआप सुटतं.

आता माणसं जमवण्याबद्दल. दोन मित्र शोधा, जास्त नकोत. रविवारी सकाळी दोन तास, एकाने फळ्यावर एक थिअरम सांगायचं आणि बाकीच्या दोघांनी दर ओळीला "का?" विचारायचं. फळा नसेल तर घराची सिमेंटची भिंत आणि खडू. आम्ही कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात बसायचो. पहिले दोन महिने आम्ही एका रविवारात पानभरही पुढे सरकलो नाही आणि मला वाटायचं वेळ वाया जातोय. त्या दोन महिन्यांतच मी खरं गणित शिकलो. गावात जोडीदार मिळत नसेल तर फोनवर करा, पण समोर ऐकणारं माणूस हवंच. एकट्याला आपली चूक दिसत नाही.

कॉलेजातल्या सरांना किंवा मॅडमना तासानंतर भेटा. "पुढचं काय वाचू?" असं मोघम विचारू नका. "या ओळीत कॉम्पॅक्टनेस कुठे वापरला?" असं नेमकं विचारा. नेमक्या प्रश्नाला शिक्षक जीव तोडून उत्तर देतात, आणि पुढे शिफारसपत्र लागेल तेव्हा तुमच्याबद्दल लिहायला त्यांच्याकडे काही खरं असतं.

आणखी दोन गोष्टी दुसऱ्या वर्षाच्या आत कानावर पडल्याच पाहिजेत.

एक म्हणजे एमटीटीएस. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा उन्हाळी कार्यक्रम, साधारण चार आठवड्यांचा, मे-जूनमध्ये देशात वेगवेगळ्या ठिकाणी चालतो. बीएस्सी आणि एमएस्सीच्या मुलांसाठी त्यात वेगवेगळे स्तर असतात. तिथे व्याख्यान कमी आणि प्रश्न जास्त. शिकवणारा तुम्हालाच विचारून विचारून थिअरम तुमच्याकडून काढून घेतो. अर्ज हिवाळ्यात निघतात आणि सोबत शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. डिसेंबर उजाडला की दर आठवड्याला संकेतस्थळ बघा, नोटीस बोर्डाची वाट बघू नका. मुलींच्या घरच्यांना चार आठवडे लांब पाठवायची काळजी वाटते. त्यांना सांगा की राहण्याची सोय आयोजक संस्थाच बघते, आणि जाऊन आलेल्या एखाद्या मुलीशी आईचं बोलणं करून द्या. माझ्या ओळखीत तीन घरांमध्ये एवढ्याने काम झालं.

दुसरी माधव गणित स्पर्धा. पुण्याचं एस. पी. महाविद्यालय आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून ही पदवीच्या मुलांसाठी घेतात. नंबर येवो न येवो, त्या पेपरचे प्रश्न रविवारच्या बैठकीला वर्षभर पुरतात.

नव्या शैक्षणिक धोरणातली चौथ्या वर्षाची सोयही समजून घ्या. चार वर्षांची ऑनर्स पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केली तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला थेट अर्ज करता येतो. नियमाने येतो, पण माझा सल्ला एमएस्सी करूनच जाण्याचा आहे. आपल्या बीएस्सीत टोपोलॉजी आणि मेझर थिअरीची ओळख झालेली नसते, आणि पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये ती गृहीत धरतात.

एमएस्सी: शेवटच्या वर्षाचा सप्टेंबर विसरू नका

जॅम ही एमएस्सी प्रवेशाची देशपातळीवरची मुख्य परीक्षा. फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. गणिताच्या पेपरात तीन तासांत ६० प्रश्न, १०० गुण. तीस प्रश्नांना एकच पर्याय बरोबर असतो आणि चुकलं तर गुण कापतात. दहा प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, वीस प्रश्नांचं उत्तर संख्येत लिहायचं, आणि या दोन्ही भागांत वजा गुण नाहीत. म्हणजे शेवटच्या तीस प्रश्नांतला एकही कोरा सोडून यायचं नाही. जॅमवर आयआयटींमध्ये एमएस्सी मिळतं, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या एकात्मिक पीएचडीची वाटही जॅममधूनच आहे.

जॅम सोडून: सांख्यिकी संस्थेचं एम.मॅथ., सीएमआयचं एमएस्सी, आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर. टीआयएफआरची परीक्षा डिसेंबरात असते आणि बीएस्सीवरूनही एकात्मिक पीएचडीला बसता येतं. हा पेपर कठीण असतो, तरी मी प्रत्येकाला बसायला सांगतो. कारण त्यातला 'खरं की खोटं' हा भाग तुमच्या डोक्यातल्या भोंगळ कल्पना अशा उघड्या पाडतो की नंतर जॅमचा पेपर सोपा वाटतो. पुणे विद्यापीठाचा गणित विभाग आहे, आणि आपलं जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहेच. घरच्या अडचणीमुळे बाहेर पडता येत नसेल तर जळगावला मन लावून करा, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरच्या एखाद्या शिबिराला जाऊन या.

अंतराचा बाऊ करू नका. चेन्नई म्हटलं की लोक घाबरतात, पण नवजीवन एक्स्प्रेस नंदुरबार, जळगाव, भुसावळवरून सरळ चेन्नईला जाते, गाडी बदलावी लागत नाही. पुण्याला महाराष्ट्र एक्स्प्रेस आहेच.

कागदपत्रांची एक गोष्ट ठळक सांगतो, कारण यात दरवर्षी कुणाची तरी हातातली सीट जाते. ओबीसी असाल तर राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या संस्थांना चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, आणि तो चालू आर्थिक वर्षातला मागतात. तो सेतूतून अर्ज करून काढावा लागतो आणि तहसील-प्रांताच्या फेऱ्यांत सहज महिना जातो. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, तेही आधी बघा. ईडब्ल्यूएसचंही असंच: नमुना केंद्राचा, वर्ष चालू. फॉर्म निघायच्या आधी, जुलै-ऑगस्टमध्ये हे काम उरकून टाका. नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर आणि आधारवर एकच आहे ना, तेही आत्ताच तपासा.

एमएस्सीची दोन वर्षं आणि नेट

अल्जेब्रा, टोपोलॉजी, मेझर थिअरी, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, फंक्शनल ॲनालिसिस. प्रत्येक पुस्तकातले प्रश्न सोडवून वहीत तारीख टाकून ठेवा. सुटलेला प्रश्न आणि अडलेला प्रश्न, दोन्ही. मी अडलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवायचो. पहिल्या वर्षी अडलेल्यातले कितीतरी प्रश्न दुसऱ्या वर्षी अंघोळ करताना सुटले.

याच काळात लेटेक शिकून घ्या. गणिती मजकूर लिहायची ही व्यवस्था फुकट आहे, संगणकावर आठवड्याभरात हातात बसते आणि पुढे सगळं आयुष्य तिच्यातच लिहायचं असतं.

सीएसआयआर नेट ही संशोधन फेलोशिप (जेआरएफ) आणि प्राध्यापकीच्या पात्रतेची राष्ट्रीय परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबरच्या नावाने. २०० गुण, तीन भाग. पहिल्यात २० पैकी १५ सोडवायचे, दुसऱ्यात ४० पैकी २५, तिसऱ्यात ६० पैकी २०. तिसऱ्या भागात एका प्रश्नाला ४.७५ गुण आहेत, वजा गुण नाहीत, पण बरोबर असलेले सगळे पर्याय निवडले तरच गुण मिळतात. आपली मुलं पहिल्या दोन भागांत जीव घालतात आणि तिसऱ्यात अंदाजाने खुणा करून येतात. खरं तर नेट निघते ती तिसऱ्या भागावर. तिथे प्रत्येक पर्याय म्हणजे एक छोटं विधान असतं, आणि ते खोटं असेल तर त्याचं प्रतिउदाहरण दोन मिनिटांत सुचावं लागतं. ही तयारी क्लासच्या शॉर्टकटने होत नाही, रविवारच्या "का?" ने होते. क्लास लावू नका असं मी म्हणत नाही. पण वडिलांनी पीककर्जातून काढलेले पैसे पुण्यातल्या क्लासला भरण्याआधी मागच्या पाच वर्षांचे पेपर घरी सोडवून बघा. सगळे पेपर फुकट मिळतात.

नेटबरोबर राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची म्हणजे एनबीएचएमची पीएचडी शिष्यवृत्ती परीक्षा आणि गेट याही द्या. एनबीएचएम अणुऊर्जा विभागाखाली १९८३ पासून फक्त गणितासाठी काम करतं. एमएस्सीच्या मुलांसाठीही त्यांची शिष्यवृत्ती आहे, आणि आपल्याकडे तिचं नावही कुणी ऐकलेलं नसतं.

पीएचडी: विषय आधी की गाईड आधी?

माझं उत्तर: गाईड आधी. विषय तीन-चार वर्षांत थोडाफार बदलता येतो, गाईड बदलणं फार अवघड. नावाजलेलं नाव बघून जाऊ नका. तीन गोष्टी बघा. त्यांचे मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आता कुठे आहेत. गेल्या पाच वर्षांत त्यांचं स्वतःचं काम काय झालं, हे अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर बघता येतं. १९९१ मध्ये भौतिकशास्त्रापासून सुरू झालेल्या या ठिकाणी गणिताचेही नवे शोधनिबंध सगळ्यांना मोफत वाचायला मिळतात. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना चहाला घेऊन विचारा की सर आठवड्यातून किती वेळा बसतात. "महिनोन्महिने भेट नाही" असं उत्तर आलं तर कितीही मोठी संस्था असो, पुन्हा विचार करा.

प्राध्यापकांना मेल पाठवताना एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका. त्यांचा एक निबंध उघडा, प्रस्तावना वाचा, जितकं कळलं तितकं प्रामाणिकपणे लिहा आणि जिथे अडलं ते लिहा. दहा ओळी पुरतात.

पहिलं वर्ष कोर्सवर्कमध्ये जातं. या काळात नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या एटीएम शाळांना, म्हणजे प्रगत गणिताच्या प्रशिक्षण शिबिरांना, नक्की जा. आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर यांनी मिळून चालवलेल्या या केंद्राच्या शाळा पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि तरुण शिक्षकांसाठी असतात. छोट्या कॉलेजातून आलेल्यांचा कच्चा पाया तिथे भरून निघतो. पुण्यात डॉ. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, तिथेही एकदा जाऊन या.

दुसरं-तिसरं वर्ष जड जातं. महिनोन्महिने काहीच हाती लागत नाही. एखादं प्रमेय सिद्ध झालंसं वाटतं, रात्री झोप लागत नाही, आणि सकाळी चौथ्या ओळीत भोक दिसतं. हे सगळ्यांचं होतं. अशा वेळी पैसे घेऊन पंधरा दिवसांत निबंध छापून देणाऱ्या मासिकांचे मेल येतात. त्यांना उत्तरही देऊ नका. गणितातल्या चांगल्या मासिकात निबंध तपासून व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. पैसे देऊन छापलेला निबंध नंतर निवड समितीसमोर तुमच्याच विरुद्ध साक्ष देतो.

पैशाचं आणि घरचं

"गणित शिकीसन काय करशी?" हा प्रश्न घरोघरी येतो, आणि विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही. कापसाचा भाव आणि केळीवरचं वादळ ज्यांनी सोसलं, ते आकडा मागणारच. तर आकडा द्या. नेटमधून जेआरएफ मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वसतिगृह नसेल तर वर घरभाडं. एकूण पाच वर्षं. संशोधन करताना बापाकडून पैसे घ्यावे लागत नाहीत, हे वाक्य मी कितीतरी घरांत स्वतः जाऊन सांगितलं आहे.

जेआरएफ नाही मिळाली तर राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडच्या मुलांनी ही विसरू नये. जाहिराती वेळच्या वेळी बघा, अटी दरवर्षी बदलतात आणि पैसे कधी उशिरा येतात, त्यामुळे सहा महिन्यांची तजवीज हाताशी ठेवा. कुठलीच फेलोशिप नसताना, खिशातून खर्च करून पीएचडीला बसायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. त्यापेक्षा एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्या.

गणित शिकणाऱ्याला समाजाने पोसायचं, ही आपल्या भागात नवी गोष्ट नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेला असाल. तिथल्या पाटण गावात १२०७ सालचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ राजा सोइदेव याने त्याला दान दिलं, असं त्यात कोरलेलं आहे. लेखाच्या शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर मिळायचा, तो मठाला दिला. बाजारात मीठ-तेल घेणारा माणूस 'लीलावती' शिकणाऱ्या पोराचं जेवण भरत होता. घरी फेलोशिप समजावताना मी हे सांगतो आणि वडीलधाऱ्यांना ते पटतं.

पीएचडी झाल्यावर

साधारण दोन ते चार वर्षं पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनपद, देशात किंवा बाहेर, आणि मग नोकरी. परदेशी आधीच जायचं असेल तर इटलीतल्या त्रिएस्तेच्या आयसीटीपीचा एक वर्षाचा डिप्लोमा बघा. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये उभारलेली ही संस्था आपल्यासारख्या देशांतल्या मुलांचा सगळा खर्च उचलते, आणि तिथून युरोपातल्या पीएचडीची दारं उघडतात.

नोकरीबद्दल खरं तेच सांगतो. एमएस्सी आणि सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) करून आपल्याच भागात कायम नोकरी लागेल, या आशेवर कितीतरी हुशार माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. तासाचे पैसे, तेही वर्षातून काही महिनेच. सेट जरूर द्या, पण एवढ्यावर थांबू नका. पीएचडी करायची तर अशा ठिकाणी करा की नंतर आयसर, आयआयटी, एनआयटी, केंद्रीय विद्यापीठं, खासगी संशोधन विद्यापीठं इथे अर्ज करता यावा. कोडिंग थोडं तरी शिका, पायथन आणि सेजमॅथ. त्याने संशोधनातली उदाहरणं तपासता येतात, आणि पुढे वाट बदलावीशी वाटली तर क्रिप्टोग्राफी आणि डेटाच्या कंपन्यांत गणितातल्या पीएचडीला मागणी आहे.

आत्ता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असाल तर या आठवड्यात करायचं एवढंच: दोन जोडीदार ठरवा, एमटीटीएसच्या संकेतस्थळाची खूण करून ठेवा, सेतूत जाऊन केंद्राच्या दाखल्याला काय काय लागतं ते लिहून आणा. रविवारच्या पहिल्या बैठकीला √१२ घ्या. त्यानंतर √१८. जुनी सिद्धता १८ लाही मोडते, आणि यावेळी फक्त ३ कडे बघून भागत नाही.